दोघांनी बदललेली ओळ

ऑफिसात तिला सगळे ‘थांबाबाई’ म्हणायचे. मीटिंगमध्ये कुणी नवी कल्पना काढली, की तिचा पहिला शब्द ‘थांबा’. पन्नाशीला आलेली, बोलायला कमी, पण कामाला वाघ.

एकाच प्रोग्रामवर अनेक जण आपापल्या जागी बसून काम करतात. त्यांचे बदल एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर तिची टीम बनवायची. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर ते नंतरची ठेवायचं आणि आधीची गुपचूप टाकून द्यायचं. ते वापरणाऱ्या एका बाईंचं आठवड्याचं काम असंच गेलं. त्यांची चार ओळींची तक्रार आली आणि काम थांबाबाईंच्या गळ्यात पडलं.

त्याच आठवड्यात तिची थोरली बहीण गेली. दोघी एकत्र राहायच्या. पाचव्या दिवशी ती कामावर हजर.

“अहो, इतकी घाई कशाला केलीत?” साहेब म्हणाले.

“घरी बसून काय करू?”

रडू येत नव्हतं. डोकं मात्र चालत होतं. तिनं आराखडा लिहिला: अशी ओळ आली की जोडणी थांबवायची, दोन्ही ओळी समोर ठेवायच्या, कुठवर आलो ते फाइलीत नोंदवायचं. मग माणसानं निवड करून पुढे जावं, नाहीतर सगळं सोडून होतं तसं करावं.

“तासाभरात कुणी निवडलं नाही, तर जोडणी आपोआप रद्द करू या की,” टीममधला टेस्टर म्हणाला.

“नाही.”

“आणि दहा दिवस कुणी फिरकलंच नाही तर?”

“तर दहा दिवस थांबेल. त्याला काय खायला लागतं?”

सगळे हसले. आपण विनोद केला, हे तिला त्यांच्या हसण्यावरून कळलं.

रविवारी धाकटा भाऊ ताईचे कपडे न्यायला आला. तो कपाट रिकामं करत होता, ती पिशव्यांची तोंडं उघडी धरून उभी होती. एका स्वेटरपाशी तो ढसाढसा रडला. तिनं त्याला पाणी दिलं.

महिनाभरानं टेस्टरनं तपासायला म्हणून ऐन जोडणीत कॉम्प्युटरची पिन ओढली. पुन्हा चालू केला, तर दोन्ही ओळी जशाच्या तशा वाट बघत होत्या.

“मानलं तुम्हाला!” तो ओरडला.

“बरं,” ती म्हणाली.

नवी आवृत्ती लोकांच्या हाती गेली. एकही तक्रार आली नाही. साहेबांनी तिला बळंच दोन दिवस सुट्टीवर पाठवलं. ते तिनं झोपून काढले.