डबीतल्या गोळ्या

तान्ह्या पोराच्या तोंडात बोट घालायचं आणि ते बोट हुंगायचं, हे माझं पगारी काम होतं. हसू नका. सोलापुरात एका गिरणीच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, आमच्या ख्रिस्ती मंडळीनं पाळणाघर काढलं होतं आणि तिथली बाई मी होते. पहिल्या भोंग्याला गिरणीतल्या बाया आपली पोरं माझ्या हवाली करायच्या. पाळणाघर नव्हतं तेव्हा त्या पोरांना अफूची गोळी चाटवत, टोपलीत निजवत आणि तशाच आत खडखडाटात घेऊन जात. बाजरीच्या दाण्याएवढी गोळी, दुधात उगाळलेली. पोर दिवसभर हूं की चूं करत नसे. शेड झाली म्हणून ही सवय एका दिवसात कशी सुटणार? म्हणून मी दारात उभी राहून हुंगायची, आणि कडवट वास आला की त्या आईला पदराच्या गाठी सोडायला लावायची.

सापडलेल्या गोळ्या मी दंतमंजनाच्या एका रिकाम्या डबीत टाकून घरी न्यायची. महिनाअखेरीला पाळणाघर बघणाऱ्या मिशनच्या गोऱ्या मडमबाई हिशेबाला बसल्या की डबी त्यांच्यासमोर उघडायची. त्या डोळे विस्फारून बघायच्या आणि मला धन्य वाटायचं. गोळ्या तिथल्या तिथं चुलीत टाकायला हव्या होत्या, हे कळायला मला फार मोठी किंमत मोजायची वेळ आली.

तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ. "पोटच्या गोळ्याला विष घालता, आया आहात की कैदाशिणी?" असं सरळ बोलायची. बाया खाली मान घालून ऐकायच्या. एक मात्र ऐकून घेणारी नव्हती. सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. दुष्काळात मेंढरं गेली म्हणून नवऱ्यामागं गिरणीत आलेली. ती एकदा म्हणाली, "बाई, तुमचं बाळ कुटं असतंय?"

"माझ्या सासूबाईंजवळ."

"मग तुमी बोला की. तुमाला सासू हाय."

सगळ्या हसल्या. मला राग आला.

माझा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. नवरा सुवार्तेच्या कामासाठी मोहोळकडच्या खेड्यांत फिरायचा. सोमवारी निघायचा तो शनिवारी यायचा. तुमचं मूल कोण सांभाळतं, असं त्याला कधी कुणी विचारलं नाही. मला मात्र येता-जाता विचारायचे. आम्ही मिशनच्या आवारात राहायचो आणि भिंतीपलीकडेच पाळकसाहेबांचा बंगला. माणूस वाईट नव्हता. कुणी आजारी पडलं तर स्वतः जाऊन पेज भरवायचे. पण त्यांचं मत पक्कं होतं, की आईची पहिली सेवा पाळण्यापाशी, आणि बाकी सगळं त्यानंतर. मी एकदा विचारलं, मडमबाई दिवसभर काम करतात ते कसं चालतं? ते शांतपणे म्हणाले, "त्यांना घरसंसार नाही. त्यांची ती सेवा आहे. तुमची ही नोकरी."

पोरं तीच, शेड तीच, तरी त्यांची सेवा आणि माझी नोकरी! त्या दिवशी मी घरी येऊन भांडी अशी आदळली की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

उन्हाळा लागता लागता पाळकसाहेबांनी मला समज दिली. लेकराचं रडणं बंगल्यापर्यंत येतं, असंच चाललं तर मंडळीच्या पंचांपुढं विषय काढावा लागेल. मी हादरले. पगार आम्हाला लागत होता, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या शेडमध्ये पाऊल टाकलं की मी कुणाची सून, कुणाची बायको नसायची. तिथं माझ्या शब्दाला वजन होतं. ते मला सोडवत नव्हतं. हे सगळं मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं आणि रडले.

आणि नवल असं की त्यानंतर मुलगा रडायचाच थांबला. दुपारच्या सुट्टीत मी त्याला पाजायला घरी यायची, तर हा झोळीत गाढ झोपलेला. सासूबाई म्हणायच्या, "निजू दे गं, आत्ताच डोळा लागलाय." मी देवाचे आभार मानून परत जायची. मुलगा पीत कमी होता, हेही मला दिसत होतं. उन्हामुळं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

एके दुपारी ती सांगोल्याकडची माझ्याबरोबर घरी आली. तिच्या पोराचे डोळे आले होते आणि औषधाची बाटली माझ्या घरी होती. सासूबाई मागच्या पडवीत भाकरी थापत होत्या. मी फडताळात बाटली शोधत होते. ती सहज झोळीवर वाकली, बघत राहिली, मग तिनं बोटानं मुलाची पापणी वर केली.

"बाई, किती दिली हो?"

"काय किती दिली?"

"गोळी. बाहुली बगा की, टाचणीच्या टोकाएवढी झालीया. ह्याला लई झाली, बाई."

मी तिच्यावर ओरडले. "तुमच्या घरच्यासारखं आमच्याकडं नसतं! आम्ही ख्रिस्ती माणसं आहोत." हे असं मी बोलले, आणि आजही आठवलं की अंगावर काटा येतो. झोळीतून मूल उचलून तिनं माझ्यासमोर धरलं. त्याची मान लुळी पडली होती आणि ओठ जांभळे दिसत होते. मी त्याच्या तोंडात बोट घातलं. शेकडो वेळा ओळखलेला तो वास मला ओळखू येईना, इतकं माझं डोकं सुन्न झालं. मग ओळखू आला.

पुढचं सगळं तिनं केलं. तोंडावर पाणी मारलं, तळव्यांवर चापट्या मारल्या, "निजू दिऊ नगा, हलवा त्याला, बोला त्याच्यासंगं," असं मलाच दरडावत राहिली. तोंडाची फटकळ मी, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग मुलाला छातीशी धरून ती उन्हातून मिशनच्या दवाखान्याकडे पळाली. मी अनवाणी तिच्यामागं. तिच्या सुट्टीची वेळ संपून भोंगा झाला तरी ती मागं वळली नाही. डॉक्टरबाईंनी मुलाला आत नेलं. दिवेलागणीला आतून मुलाची एक किंचाळी आली, मग मोकळं रडणं.

आमच्यामागून आलेल्या सासूबाई एवढा वेळ व्हरांड्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी विचारलं, "आत्या, अफू आली कुठून?"

"तुझ्या डबीतून."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्या पुढं सांगत गेल्या. आवाज अगदी सरळ होता. "रोज एक दाणा द्यायची. आमच्या गावाकडं खुरपायला जाताना समद्याच बाया द्यायच्या, मला माप ठाऊक हुतं. आज दातांनी लई रडत हुता. बंगल्यावर पंच जमले हुते. एक दिली तरी थांबंना, म्हणून दुसरी दिली."

"पण का? आत्या, का?"

"तुझं काम जाऊ नये म्हणून."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मला आजवर वाटायचं, सूनबाईची नोकरी ह्यांना खटकते, केवळ स्वभाव गरीब म्हणून बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं की तरुणपणी त्या पेठांमधल्या घरांत जाऊन बायकांना वाचायला शिकवायच्या. मंडळीनंच नेमलं होतं. एकदा एका घरी प्रार्थना चालू असताना कडेवरचं मूल रडलं. ते मूल म्हणजे माझा नवरा. त्या वेळच्या पाळकांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून पुस्तकांची पिशवी परत मागून घेतली. "एवढंच कारण, बाई. लेकरू रडलं. तुझ्यावर ती पाळी येऊ द्यायची न्हाय, असं ठरवलं हुतं मी."

त्यांचा गळा धरावा असं मला वाटलं. आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावं, असंही वाटलं. दोन्हींतलं काहीच झालं नाही. एका घरात, एका चुलीवर राहून मला ह्या बाईचं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, ह्या धक्क्यातून मी पुढं कितीतरी दिवस बाहेर आले नाही.

रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात उपासनेला पाळकसाहेबांनी आधी मूल वाचल्याबद्दल उपकारस्तुती केली. मग म्हणाले, आई घरी नव्हती आणि आईनंच घरात आणून ठेवलेलं विष मुलाच्या पोटात गेलं. तेव्हा पंचांनी त्या भगिनीला कामातून मोकळं केलं आहे, ते तिच्या आणि लेकराच्या भल्यासाठीच. मी बायकांच्या बाजूला मुलाला मांडीवर घेऊन बसले होते. भर सभेत हे असं ऐकावं लागेल, अशी कुणी मला कुणकुणही लागू दिली नव्हती. कान तापले. पण उठून म्हणणार काय? त्यात खोटं काही नव्हतं.

उठल्या त्या सासूबाई. देवळात बाई आपण होऊन उभी राहिली, असं तोवर मी पाहिलं नव्हतं.

"गोळी मी दिली. आन् का दिली, ते बी इचारा."

पाळकसाहेबांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा खरोखर कळवळला होता. "आजीबाई, सुनेवरची माया आम्ही समजतो. बसा आता. आपण सगळे गीत गाऊ." पेटी वाजू लागली. मडमबाई खाली बघत होत्या. का दिली, ते कुणीही विचारलं नाही. सासूबाई पहिलं कडवं संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या.

पाळणाघरासाठी दुसरी, लेकरंबाळं नसलेली बाई शोधायची आणि ती मिळेपर्यंत शेड बंद ठेवायची, असं ठरलं. माझ्या एका मुलाला आई मिळावी ह्यापुढं कुणाला काही दिसलं नाही. मलाही नाही. सोमवारी पहाटे मी नुसती सवयीनं उठले आणि मुलाला कडेवर घेऊन फाटकाशी गेले, तेव्हा मला दिसलं.

पहिला भोंगा झाला होता. शेडला कुलूप होतं आणि बाया पोरांना घेऊन त्यासमोर उभ्या होत्या. मला पाहून त्यांना वाटलं, किल्ली आली. मी मान हलवली. सांगोल्याकडची पुढं आली, माझ्या मुलाच्या गालाला हात लावून म्हणाली, "बरा हाय की आता."

"शेड उघडणार नाही," मी म्हणाले. "माझं काम गेलं."

त्या दुपारी माझ्या मुलासाठी पळाली म्हणून तिची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली होती. आता एकही खाडा तिला परवडणारा नव्हता. ती तिथंच भिंतीच्या कडेला खाली बसली, पोराला पदराखाली घेतलं आणि पदराची गाठ सोडली. लपवून नाही, माझ्यादेखत. मी बघत उभी होते, आणि मला तिला थांबवता आलं नाही.

दुसरा भोंगा झाला तेव्हा तिचं पोर झोपलं होतं. तिनं त्याला टोपलीत ठेवलं, टोपली डोक्यावर घेतली आणि फाटकातून आत गेली.