वानखेडे सरांचे वाचक

संत्र्यांच्या हंगामात वानखेडे सर कळमन्याच्या बाजारात जात, पण संत्री कधी घेत नसत. फाटकापाशी उभे राहून गर्दी पाहत. मी त्यांच्या कॉलेजात नोकरीला नुकताच लागलो होतो तेव्हा एकदा मलाही घेऊन गेले. संथ सरकणाऱ्या माणसांत एक हातगाडी जोरात घुसली. सरांनी माझा दंड धरला. "पाह्य, आता लाट उठते!" आणि खरेच, आधी गाडीजवळची माणसे डोलली, मग त्यांच्या मागची, मग थेट टेम्पोपर्यंत सगळी. एक हमाल हसला, "मास्तर, आजबी खाली हातानंच चालले?"

"नाही गा, भरून घेऊन चाललो," सर म्हणाले.

सर भौतिकशास्त्र शिकवत. सूर्याकडून विद्युतभारित कण अवकाशात वाहत असतात. संथ कणांतून वेगवान कण घुसले की लाटा उठतात, वाढत जातात. सरांनी आयुष्यभर या लाटांचाच अभ्यास केला आणि त्यावरचे धडे सोप्या मराठीत लिहून कॉलेजच्या संकेतस्थळावर टाकले. "लाट बाहेरून आणून टाकत नाही कोणी. आतल्या बारीक गोंगाटातूनच वाढते ते," असे ते नेहमी म्हणत.

मी संगणक विभागात होतो. संकेतस्थळावर कोण येते, काय उघडते, किती वेळ थांबते, या नोंदींतून लोकांच्या सवयी शोधणे हे माझे संशोधन. पण कित्येक भेटी माणसांच्या नसतात, यंत्रांच्या असतात. त्या आधी गाळाव्या लागतात. ठरावीक वेळी, एकाच पत्त्यावरून, तेच पान एकदम अनेकदा उघडले तर ते यंत्र, असा माझा नियम होता. तो लावल्यावर सरांच्या धड्यांना वाचक जवळजवळ उरलेच नाहीत. माझा निष्कर्ष वाचून प्राचार्यांनी ते धडे काढून टाकले.

सर माझ्या खोलीत आले. "काहून गा, माझी पोरं पुसून टाकली?"

"सर, ती यंत्रं आहेत. दर शनिवारी एकाच पत्त्यावरून येतात, सगळी एकदम."

"कन्हानच्या कॉलेजची पोरं आहेत ते. एका खोलीत बसतात, एकाच कनेक्शनवर. त्यांचा मास्तर म्हणते, उघडा, की सारे उघडतात. तू ज्याले कचरा समजून राहिला, लाट तिथूनच उठते, बाबू. एक फोन तर करून पाह्य."

मी फोन केला नाही. त्याच नोंदींवरचा माझा शोधनिबंध नुकताच स्वीकारला गेला होता. नियम चुकीचा ठरला असता तर निबंधही गेला असता. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी मी पुढे अनेकदा चहा प्यायलो, आणि मीही काढला नाही.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेत नवे प्राचार्य म्हणाले, "वाचक नसतानाही सर लिहीत राहिले."

माझ्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी मान वर केली. "असं काहून म्हणून राहिले हे? आम्ही तर वाचत होतो."

"कुठून आलात?" मी विचारले, उत्तर ठाऊक असूनही.

"कन्हानहून. पान बंद झालं, तं सर स्वतःच यायले लागले. दर शनिवारी, बसनं. तुम्ही इथलेच दिसता. सांगा ना त्यांले."

मी उठलो नाही.

प्राचार्यांचे ते वाक्य मी इथे दुरुस्त करतो आहे. सरांना वाचक होते. मी त्यांना पुसून टाकले, तेव्हा सर बसने त्यांच्याकडे गेले.