हिरव्या चौकटीतली खूण

देवळीच्या बसस्टँडसमोर माझी रसवंती आहे. गिऱ्हाइकाने दुसरा ग्लास मागितला की माझा हात क्षणभर थबकतो. मी आधी त्याच्या हातांकडे बघतो. हात टेबलावर काय करताहेत, हातात रुमाल आहे का, रुमालाची घडी कितव्यांदा होते आहे. मग लक्षात येतं की हा उसाचा रस आहे आणि मी ग्लास भरतो. नेहमीच्या लोकांना माझी ही खोड ठाऊक झाली आहे. "जहाजावर दारू पाजत होता तवा नाई थांबला, अन् आता रस द्याले इचार करून राह्यला," असं कुणीतरी म्हणतं आणि बाकावरचे सगळे हसतात. मीही हसतो. थट्टा करणाऱ्याला माहीत नसतं की त्याने नेमकं बोट कुठे ठेवलं आहे.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. बाहेरच्यांना वाटतं, म्हणजे इथे कुणी पीत नाही. पितात, चांगले पितात. पण इथल्या पिणाऱ्याला झिंगायची सोय नाही. वाटेत पोलीस भेटतो, शेजारी भेटतो, मुलीकडचे पाहुणे भेटतात. त्यामुळे दुसरीकडचा माणूस प्यायला की गाणी म्हणतो, आणि आमच्याकडचा एकदम सभ्य होतो. कमी बोलतो. बोलेल तो शब्द पुरा उच्चारतो. रस्त्याने असा सरळ चालतो की न पिणाऱ्यालाही तसं जमू नये.

माझे वडील तसेच होते. आमची भाजीची वाडी होती. बाजारातून परत आले की एरवी त्यांची एक चप्पल दारात आणि दुसरी अंगणात पडलेली असायची. ज्या दिवशी घेतली असेल त्या दिवशी दोन्ही चपला भिंतीला लावून, अंगठे एका रेषेत. आई दारात येऊन आधी चपलांकडे बघायची, मग आम्हा भावंडांकडे. बस, एवढंच. पुढे कुणी काही बोलायचं नाही. आम्हीही चपला बघायला शिकलो आणि गप्प राहायला शिकलो. शेजारचे म्हणायचे, किती शांत माणूस आहे. शेवटी वडिलांचं पोट फुगलं, दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा डॉक्टरांनी सरळ विचारलं, घेतात का? आई म्हणाली, "नाई जी, ते नाई घेत." मी तिच्या शेजारीच उभा होतो. मीही मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला आजही राग येतो, आणि तरी मी पुढे तेच केलं.

नागपूरला हॉटेलचा कोर्स केला आणि एका एजंटामार्फत क्रूझ जहाजावर लागलो. गावात आई सांगायची, पोरगा जहाजावर मॅनेजर आहे. मी वरच्या डेकवर, स्विमिंग पूलजवळच्या बारमध्ये ट्रे घेऊन फिरायचो. दारूबंदीच्या जिल्ह्यातला पोरगा आणि दिवसाकाठी शेकड्यांनी ग्लास. पहिल्या आठवड्यातच आम्हाला शिकवलं होतं की प्रत्येक पाहुण्याला मनातल्या मनात एक रंग द्यायचा. हिरवा म्हणजे ठीक आहे, देत राहा. पिवळा म्हणजे आवाज चढला, तेच तेच बोलतो आहे, ग्लास सांडतो आहे. त्याला पाणी द्या, खायला सुचवा, वेळ लावा. लाल म्हणजे बंद, सुपरवायझरला बोलवा. किती पाजायची हे पाहुण्याच्या हातात असतं तितकंच तुमच्याही हातात असतं, असं शिकवणारी बाई पुन्हा पुन्हा सांगायची. परीक्षेत मी पहिला आलो. पेपर लिहिताना मनात आलंही होतं, की माझा बाप यांच्या कुठल्याच रंगात बसला नसता. पण हात वर करून हे सांगायचं कसं? बापाची गोष्ट परक्या लोकांत कशी काढायची? नाही काढली.

तिसऱ्या वर्षातली गोष्ट. जहाज दिवसभर समुद्रातच होतं, कुठलं बंदर नव्हतं. सकाळी अकराच्या सुमारास एक वयस्क गृहस्थ सावलीतल्या टेबलाशी येऊन बसले. पांढरा शर्ट, पायात कोरे तपकिरी बूट. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर देश लिहिलेला असायचा. तो वाचून त्यांनी हिंदीत विचारलं, कहाँ से? मी वर्धा म्हणालो. त्यांनी मला खालून वर बघितलं.

"वर्ध्यात कुठचा?"

"देवळीचा."

"अरे, मी रोहण्याचा ना. आर्वी तालुका. बस की मंग."

वेटरला बसता येत नाही, हे त्यांना सांगावं लागलं. सात-आठ महिन्यांत मी ती बोली ऐकली नव्हती.  रोहण्याचे काकाजी मग बोलतच राहिले. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला दिलेली, तिने आणि जावयाने आग्रहाने आणलं होतं. ती दोघं खालच्या मजल्यावर कसल्यातरी खेळाला गेली होती. "एक देजो," ते म्हणाले, आणि लगेच पुस्ती जोडली, "घरी नाई घेत हो मी. अठी बंदी नाई म्हून." मी व्हिस्की-सोडा आणून दिला. थोड्या वेळाने दुसरा दिला. दुपारी ते मुलीबरोबर जेवायला गेले आणि परत त्याच टेबलाशी आले. प्रत्येक वेळी ट्रे घेऊन जवळ गेलो की ते काहीतरी विचारायचे. तूर कशी आहे तुमच्याकडे, हिंगणीकडे रानडुकरांचा त्रास आहे का अजून. मी दुसऱ्या टेबलांना वेळ लावून त्यांच्याकडे जात होतो.

चौथा ग्लास संपत आला तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्याची चार पदरी घडी केली. कडा अंगठ्याने दाबून सारख्या केल्या. मग आठ पदरी. खिशात ठेवला, परत काढला, परत घडी. बोलणं कमी झालं होतं आणि प्रत्येक शब्द पुरा येत होता. ग्लास त्यांनी पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर अगदी मधोमध ठेवला होता, इकडे नाही की तिकडे नाही.

मला दारातल्या चपला दिसल्या. हे मी आडपडदा न ठेवता लिहितो आहे, कारण पुढे मी पुष्कळ आडपडदा ठेवला. मला त्या क्षणी कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. त्या जहाजावर इतक्या देशांचे लोक कामाला होते, पण त्या माणसाला चढली आहे हे वाचता येणारा मी एकटा होतो.

"अजून एक आनजो, बेटा," ते म्हणाले. "शेवटचा."

शेजारच्या टेबलावर दोन गोऱ्या बायका पुस्तक वाचत होत्या. मी नाही म्हणालो असतो तर काकाजींना कळलं असतं की मी पाहिलं. आमच्याकडे पाहावं, पण पाहिलं असं दाखवू नये. वडीलधाऱ्याला तर नाहीच. शिवाय खरं सांगायचं तर त्यांनी उठून जाऊ नये असं मलाच वाटत होतं. आणखी थोडा वेळ कुणीतरी तूर, रानडुकरं, आर्वीचा बाजार असं बोलत राहावं. मी पाचवा आणला.

साडेतीनला ते उठले. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. जिन्याच्या दारापर्यंत सरळ गेले, मी बघत होतो. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा होता आणि जहाज जरा हलत होतं. त्यांनी कठडा धरला नाही. का धरला नाही हे मला ठाऊक आहे. आमच्याकडचा पिणारा आधार घेत नाही. आधार घेतला की लोकांना समजतं.

पडल्याचा आवाज मी ऐकला नाही. लाउडस्पीकरवर डॉक्टरांना बोलावणारी सूचना ऐकली आणि जिन्याचा क्रमांक ऐकला. डोक्याला मार होता. पुढच्या बंदरात त्यांना उतरवून दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी जहाजावर निरोप आला की ते गेले. त्यांना नेलं तेव्हा त्यांची मुलगी मागून उतरली. तिच्या हातात पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत ते तपकिरी बूट होते.

ते पडले त्याच संध्याकाळी सुपरवायझरने मला फॉर्म भरायला बसवलं होतं. माणूस भला होता, घाबरलेला होता. पाहुण्याचा आवाज कसा होता? हळू. चाल? सरळ. डोळे? स्वच्छ. खाली तीन चौकटी होत्या. मी हिरव्या चौकटीत खूण केली. त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. कॅमेऱ्यातही ते सरळ चालतानाच दिसले. मी लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आईच्या शेजारी उभं राहून मान हलवली होती, ती मान मी पुन्हा हलवली, एवढंच.

तो करार संपवला आणि परत गेलो नाही. आई खोदून खोदून विचारायची, काऊन नाई जात? मी म्हणायचो, तिकडचं ऊन सहन होत नाही. वर्ध्याच्या माणसाने हे कारण द्यावं आणि आईने ते ऐकून घ्यावं, यात सगळं आलं. तिनेही माझ्या चपला बघितल्या असणार.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण रसवंतीत भिंतीकडेला शेवटचा बाक आहे, तो दुपारी साडेतीनच्या सुमारास मी पुसत नाही. आधी पुसतो किंवा नंतर. त्या वेळी तिथे कुणी पांढऱ्या शर्टवाला बसला की माझ्या पाठीला घाम फुटतो. एकदा एका बिचाऱ्या मास्तरांनी रस पिऊन झाल्यावर तोंड पुसलं आणि रुमालाची घडी केली. मी त्यांना विचारलं, "घरी पोचवून देऊ काय?" ते रागावून निघून गेले.

या उन्हाळ्यात एक बाई गाडीतून उतरल्या. रस मागितला, प्यायल्या नाहीत. ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी ओळखलं. पिशवी नव्हती, तरी ओळखलं.

"तुमी जहाजावर होते ना, भाऊ?" त्या म्हणाल्या. "बाबानं जेवतानी सांगतलं होतं, आपल्या देवळीचा पोरगा हाय वरतं म्हून."

रोहण्याला वडिलांचं श्राद्ध करून त्या वर्ध्याला चालल्या होत्या आणि मुद्दाम वाट वाकडी करून, जहाजावरचा पोरगा कुठे असतो हे बसस्टँडवर विचारत आल्या होत्या. मी त्यांना बाकावर बसवलं. तोच बाक रिकामा होता.

"एकच इचारतो," त्या म्हणाल्या. "ते बूट मी घेतले होते. बाबा म्हनत होते, माह्या चपलाच बऱ्या. मीच हट्ट केला. तुमी तर त्यायले चालतानी पाह्यलं. बूट सरकत होते काय?"

 त्या सांगत राहिल्या. बूट अजून कपाटात होते. नवऱ्याला न सांगता त्या काढतात, तळव्यावरून बोट फिरवतात, गुळगुळीत आहे का बघतात. कधी वाटतं आहे, कधी वाटतं नाही. इतकी वर्षं हे चाललं होतं.

माझ्या जिभेवर सोपं उत्तर होतं. जिना ओला होता, ताई. कुणीतरी पाणी सांडलं होतं. त्या रडल्या असत्या, हलक्या होऊन पुण्याला गेल्या असत्या. आणि माझी हिरवी खूण हिरवीच राहिली असती.

"बूट चांगले होते, ताई," मी म्हणालो. "काकाजी पिऊन होते. पाचवा ग्लास मी देल्ला. मले समजलं होतं, तरी देल्ला."

त्यांनी मला मारलं असतं तरी मी काही म्हणालो नसतो. 

"पन ते तं एकदम नीट चालत होते. आमाले दाखवलं कॅमेऱ्यात."

"हो. नीट चालत होते."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. त्यांनी ग्लास बाकावर ठेवला.

"हातात रुमाल होता काय?"

रुमालाबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. जहाजावरच्या फॉर्ममध्येही नव्हतं. मी हो म्हणालो.

"जेवतानी बी होता," त्या म्हणाल्या. "घडी घालून राह्यले होते. मी पाह्यलं. माह्या लहानपनी आई बी पाहे, पन बोले नाई कधी. अन् मी तं नवऱ्यापुढं बसली होती. बाबाले कशी टोकू त्यायच्यासमोर?"

मीही त्याच बाकावर टेकलो. गिऱ्हाईक आलं, थांबलं, निघून गेलं. मला वाटत होतं की खरं सांगितल्यावर मला मोकळं वाटेल. मोकळं वाटलं नाही. माझ्यापाशी होतं ते मी तिच्याही पदरात टाकलं होतं, आणि तिच्यापाशी ते आधीपासूनच होतं.

"बुटाचंच बरं होतं, भाऊ," ती उठत म्हणाली. "बूट तरी फेकून देता आले असते."

रसवंतीसमोरच्या नालीवर एक फरशी टाकली आहे. ती हलते. मी पुढे होऊन हात दिला. आधी तिने नको म्हणून मान हलवली. मग एक पाय फरशीवर ठेवला, थांबली, आणि माझा हात घट्ट धरला. समोर बसस्टँडवरचे लोक बघत होते.