घाण्याच्या पाण्यावर शिजलेलं जेवण

परदेशी निधीकडून चौथ्यांदा नकार आला तेव्हा नझीहा घोर्बेल प्रयोगशाळेत एकटीच खो खो हसली. तिचं हसणं भिंतीपलीकडे जायचं. शेजारच्या खोलीतले दोघे धावत आले, त्यांनी तिचं अभिनंदन केलं आणि एक जण मिठाई आणायला निघालासुद्धा. त्याला जिन्यावरून परत बोलवावं लागलं.

"अरे, नाही मिळालं!" नझीहा डोळे पुसत म्हणाली. "पण या वेळी निदान का नाही मिळालं ते कळलं. वाचा."

परीक्षकांनी लिहिलं होतं की संशोधन उत्तम आहे, पण ते वापरणार कोण, याचा पत्ता लागत नाही.

हसू ओसरल्यावर तिला ते लागलंच. कारण ते खरं होतं. ऑलिव्हचं तेल काढल्यावर घाण्यातून जे काळं, उग्र वासाचं पाणी निघतं, त्याला भूमध्य समुद्राकाठच्या आमच्या स्फाक्स शहरात मर्जीन म्हणतात. ते शहराबाहेरच्या तळ्यांत नेऊन ओततात. वारा फिरला की अख्खं गाव खिडक्या लावून बसतं. या मर्जीनपासून जाळायचा गॅस करायचा, यावर नझीहाने आयुष्याची बारा-पंधरा वर्षं घातली होती. पण सगळी काचेच्या बाटल्यांत. एकाही घाणेवाल्याशी ती कधी बोलली नव्हती.

तशी ती बोलायला भिणारी नव्हे. कर्केना बेटावरच्या कोळ्याची मुलगी. शिकायला फेरीबोटीने या शहरात आली, आणि शाळेत कवायत शिकवणाऱ्या लासादशी लग्न करून इथलीच झाली. आता ती एकेक घाणा पालथा घालू लागली.

"गॅस?" एक घाणेवाला म्हणाला, "गॅसची टाकी नाक्यावर मिळते, बाई. तू हा वास घालवतेस का, तेवढं बोल."

दुसऱ्याने तिला पालिकेची तपासनीस समजून आधी कॉफी पाजली आणि गैरसमज दूर झाल्यावर कप अर्धा असतानाच उचलून नेला.

हो म्हणाला तो एकटा हाज तिजानी. हा माणूस भारी बढाईखोर. त्याच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत शेळीचा उंट झालेला असायचा. त्याचा घाणा देशात सगळ्यात जुना, मेलेला माणूस त्याचं तेल खाऊन उठून बसलेला, वगैरे. पण मनाने मोकळा.

"घे मागचं अंगण," तो म्हणाला. "विज्ञानासाठी तिजानीने कधी हात आखडता घेतलेला नाही."

"विज्ञानासाठी कसला?" आतून त्याची बायको लल्ला महबूबा ओरडली. "या वासापायी माझ्या चादरी शेजारीण आमच्या दोघींच्या दोरीवर वाळत घालू देत नाही, म्हणून. खरं सांग की तिला!"

अंगणात मर्जीन कुजवून गॅस करायची टाकी बसली. पहिल्या हंगामात काहीच झालं नाही. मर्जीन इतकं कडू की गॅस करणारे जंतू त्यातच मरून जायचे. नझीहाने मेंढ्यांच्या लेंड्या आणि कोंबड्यांची विष्ठा मागवली आणि प्रमाण बदलत बदलत त्या काळ्या पाण्यात मिसळायला सुरुवात केली. हाज तिजानी नाकावर रुमाल धरून बघत राही.

"पोरी, बापाने तुला एवढं शिकवलं ते हे कालवायला?"

"हाज, बाप मला ऑक्टोपस मऊ करायला तो दगडावर आपटायला लावायचा. त्यापेक्षा हे बरं."

वसंतात एका दुपारी शेगडीवर फिकट निळी ज्योत धरली आणि विझली नाही. नझीहा बघतच राहिली. मग तिने टिपणवही उघडली. तेवढ्यात लल्ला महबूबाने मागून येऊन त्या ज्योतीवर चहाची किटली ठेवली.

"अगं, मोजायचं आहे अजून!"

"मोज ना. उकळली की मोज," लल्ला महबूबा म्हणाली आणि त्या दिवसापासून ती शेगडी तिची झाली. घाण्यावरच्या कामगारांची डाळ आणि रस्सा रोज तिच्यावर शिजू लागला.

मग नझीहाने पाचव्यांदा अर्ज लिहायला घेतला. या निधीचा नियम असा, की भूमध्य समुद्राकाठच्या तीन देशांतल्या लोकांनी मिळून मागायचं. मग मार्सेयचा एक प्राध्यापक, मेकनेसची एक अभियंता आणि ही, असे तिघे संध्याकाळी संगणकाच्या पडद्यावर भेटत आणि भांडत. मेकनेसवालीचं म्हणणं, प्रकल्पाला सुटसुटीत नाव हवं, नाहीतर कोण लक्षात ठेवतो? नावावर एक अख्खा आठवडा गेला. लासाद मागून चहा देत म्हणायचा, "आमच्या पोराचं नाव एका मिनिटात ठेवलं होतं."

खरी ठिणगी पडली ती अर्जातल्या 'काय बिघडू शकतं?' या प्रश्नावर. नझीहाने सरळ लिहिलं होतं, की थंडीत टाकी सुस्तावते आणि गॅस निम्म्यावर येतो.

"इतकं खरं नको लिहूस," मार्सेयवाला म्हणाला. "परीक्षक घाबरतील."

"आणि जानेवारीत येऊन त्यांनी स्वतः बघितलं तर?"

"जानेवारीत कोण येतंय तिकडे!"

परीक्षक जानेवारीतच आले. शेवटच्या फेरीत जे थोडे अर्ज उरले होते, त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन बघायचं असं त्यांचं ठरलं होतं. एक इटालियन बाई, दोनातेल्ला, आणि एक उंच ग्रीक गृहस्थ, स्तेर्योस. त्या सकाळी अशी थंडी पडली होती की घाण्यावरचे कामगार लोकरीचे जाड बर्नूस पांघरून पोती उचलत होते.

ज्योत निम्मी असणार, असं नझीहाने धरलंच होतं. पण अंगणात पाऊल टाकलं तर शेगडीवर ज्योत चांगली दणदणीत! वर लल्ला महबूबाचं मोठं पातेलं, त्यात नझीहाच्या भावाने कर्केनाहून पाठवलेल्या सुकवलेल्या ऑक्टोपसचा रस्सा रटरटत होता आणि वर चाळणीत जवाच्या रव्याचा कुसकुस वाफेवर होता. हाज तिजानी नवी कोरी लाल शेशिया टोपी घालून उभा.

"यांना सांग," तो नझीहाला म्हणाला, "या गॅसवर माझा सगळा घाणा चालतो. शिवाय मशिदीतले दिवे."

"हाज, हे मी फ्रेंचमध्ये सांगणार नाही."

"बरं, मशीद सोड."

पाहुणे हसले. शब्द कळले नव्हते, पण भाव कळला होता. स्तेर्योस टाकीला चक्कर मारून गॅस मोजणाऱ्या काट्यापाशी वाकला. नझीहाचीही नजर तिकडे गेली. शेगडी धडधडत होती, आणि काटा जागचा हलत नव्हता.

तिने शेगडीची नळी नजरेने धरली आणि मागोमाग गेली. नळी टाकीकडे वळतच नव्हती. भिंतीआड, पोत्याखाली, नाक्यावरच्या दुकानातली गॅसची टाकी बसली होती.

क्षणभर तिला वाटलं, पोतं नीट सारावं आणि परत जावं. पाच अर्जांची उमेदवारी, ते नाव, ती भांडणं, सगळं त्या एका पोत्याने वाचणार होतं. तिने मागे वळून पाहिलं. हाज तिजानी टोपी हातात घेऊन उभा होता.

"पहाटे बघितलं तर ज्योत बोटाएवढी," तो पुटपुटला. "परक्या माणसांसमोर तुझी फजिती होईल म्हणून, पोरी..."

तिला राग यायला हवा होता. पण त्याच्या त्या चेहऱ्याकडे बघून तिला हसू फुटलं, तेच भिंतीपलीकडे जाणारं. तिने विकतच्या टाकीचा कान पिरगळून ती बंद केली, नळी आपल्या टाकीला जोडली आणि पाहुण्यांना हाक मारली.

"मघाशी बघितलीत ती ज्योत विकतची होती. ही आमची." बोटाएवढी ज्योत फुरफुरत होती. "अर्जात लिहिलंय, थंडीत ही अशी वागते. यांनी माझी लाज राखायला ती टाकी लावली. मला ठाऊक नव्हतं, पण सांगायला तर हवं."

 पहिली बोलली ती लल्ला महबूबा, आणि तेही नवऱ्याला.

"तिजानी! माझ्या शेगडीला तू नाक्यावरचा गॅस पाजलास? तरीच म्हटलं रस्सा आज इतका उतावीळ का झालाय!"

नझीहाने त्यातला शब्दन् शब्द फ्रेंचमध्ये सांगितला. दोनातेल्लाने खुर्ची ओढून घेतली. "मग जेवण कधी होईल?"

"उशीर होईल."

"होऊ दे. आम्ही बघत बसतो."

त्या उशिरातच सगळं बोलणं झालं. ताजी पोळी नव्या तेलात बुडवून खात स्तेर्योसने काट्याचे आकडे टिपले आणि टाकी किती गारठते ते हात लावून बघितलं. ऑलिव्हचा लगदा सैल करायला भांड्याभोवती जे गरम पाणी फिरवता, ते नंतर कुठे जातं, असं त्याने विचारलं.

"गटारात," हाज तिजानी म्हणाला. आज प्रथमच त्याने काही न वाढवता उत्तर दिलं होतं.

"तेच टाकीभोवती खेळवलं तर?"

नझीहाने त्यावर हिशेब मांडून ठेवला होता, फक्त नळ घ्यायला पैसे नव्हते. तो कागद तिने पुढे केला. कुसकुस ताटात पडला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दाणे थोडे कच्चे होते. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

निकाल रमझानमध्ये आला. निधी मंजूर, आणि प्रमुख म्हणून नझीहाचं नाव. मार्सेयवाल्याने फोनवर कबूल केलं की खरं लिहिलं ते बरं झालं. लासादने शाळेच्या मैदानावर ऐकलं आणि मुलांना त्या दिवशीची धावण्याची फेरी माफ करून टाकली. घरी आल्यावर मात्र म्हणाला, "आता तू घरी कधी असशील, ते ठरवून सांग."

पुढच्या हंगामात टाकीभोवती नळ फिरले आणि ज्योत जानेवारीतही तळहाताएवढी राहिली. शेजारच्या दोन घाणेवाल्यांनी मर्जीन द्यायला सुरुवात केली. त्यातला एक तोच, कप उचलून नेणारा. वास पुरता गेला नाही, पण शेजारणीने दोरी परत दिली. आता अंगणात दुसऱ्या टाकीची जागा आखायची आहे आणि तिघांचं एकमत होत नाही. हाज तिजानीला ती रस्त्यावरून दिसायला हवी, नझीहाला ती उन्हात हवी, आणि लल्ला महबूबा म्हणते, कुठेही घाला, पण भाकरीसाठी मला एक वेगळी चूल हवी.