कुंडलिकतात्या आणि संकटकाळचं दार

शेळगावचे कुंडलिकतात्या एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होते. या एकतीस वर्षांत पास नसलेला माणूस आत गेला नाही, आणि पास असलेलाही सहजासहजी गेला नाही. एकदा तर खुद्द एका संचालकाची जीप त्यांनी भर उन्हात अडवून धरली. "मला वळकत न्हाईस व्हय रं?" संचालक तापले. तात्या म्हणाले, "वळकतो की सायेब. पर 'वळकीचा माणूस' असा रकाना रजिस्टरात न्हाय." त्या दिवशी तात्यांची नोकरी जायची ती कशी वाचली, ते कुणालाच ठाऊक नाही. मात्र रुबाब वाढला, एवढं खरं.

निवृत्तीनंतर त्यांनी पेरूची बाग धरली. बागेत शिरायची वाट वेगळी, बाहेर पडायची वेगळी. बायकोनं, धोंडाबाईनं, भाकरी उलट्या वाटेनं आणली तर तात्या बांधावरूनच हात करून तिला माघारी लावायचे.

तर अशा या तात्यांना विमानात बसायचा योग आला. थोरली लेक स्वरूपा बेंगळुरात राहते. तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि जावयानं, संदेशनं, दोघांची तिकिटं काढून पाठवली. बारामतीचा भाचा इंद्रजित आपल्या गाडीनं दोघांना पुण्याच्या विमानतळावर सोडून गेला. तात्यांनी कडक इस्त्रीचं धोतर नेसलं होतं, डोक्याला फेटा होता.

तपासणीच्या ठिकाणी तात्यांचा जीव रमला. फेट्यावरून यंत्र फिरवलं तेव्हा ते ऐटीत हात पसरून उभे राहिले. शेजारच्या रांगेत मात्र धोंडाबाईच्या चंचीतून अडकित्ता निघाला. जवान नम्रपणे म्हणाला, "माताजी, यह नहीं जाएगा।"

"अवो, माझ्या आईचा हाय त्यो! लोणी भापकरहून आणलाय लगीन हुताना. त्यानं मी काय इमान कातरणार हाय का?"

धोंडाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा जवानाला म्हणत होता, "घ्या काढून. तुमच्या जागी मी असतो तर मीबी घेतला असता."

विमानात बसल्यावरही धोंडाबाई त्यांच्याशी चकार शब्द बोलली नाही.

तात्या सहा फूट उंच. पाय मोकळे राहावेत म्हणून संदेशनं त्यांना संकटकाळी उघडायच्या दाराजवळची जागा घेतली होती. धोंडाबाईची जागा बरोबर त्यांच्या मागं होती. तात्या टेकतायत तोवर एक तरुण हवाईसुंदरी आली. धोतराकडे, फेट्याकडे बघून म्हणाली, "अंकल, उठिए. आप पीछे बैठिए." आणि मागं धोंडाबाईशेजारी बसलेल्या जीन्सवाल्या पोराला तिनं पुढं बोलावलंसुद्धा. त्याच्या कानांत इअरफोन होते.

"का बरं?" तात्यांनी विचारलं.

"सेफ्टी रूल है, अंकल."

एकतीस वर्षं ज्यानं नियम सांगितला, त्याला असा अर्धा नियम कसा चालावा? "रूल वाचून दाखवा," तात्या म्हणाले. "त्यात धोतर लिवलं आसंल तर आत्ता उठतो."

आवाज ऐकून हवाईसुंदरींची प्रमुख माधवी पुढं आली. ती मराठी निघाली. तिनं हात जोडले आणि सीटसमोरचं सूचनांचं कार्ड घेऊन एकेक अट सांगू लागली. "वय पंधराच्या वर हवं."

"सहासष्ट."

"हातापायांत ताकद हवी. हे दार पंधरा किलोच्या आसपास आहे."

"साखरंचं पोतं पन्नास किलोचं आसतंय."

"सूचना समजायला हव्यात."

मग माधवीनं दार कधी उघडायचं, कधी अजिबात उघडायचं नाही, ते समजावलं. तात्यांनी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि वर सुनावलं, "आता ह्या पोराला इचारा, ह्यानं काय ऐकलं?" पोरानं इअरफोन काढून विचारलं, "क्या हुआ?" आसपासची माणसं हसली.

"बसा काका तुम्ही इथंच," माधवी म्हणाली.

"थांबा. खाली आजून एक वळ दिसतीया. ती ऱ्हायली."

माधवीनं वाचलं, "नीट दिसायला आणि नीट ऐकू यायला हवं."

तात्यांचा हात डाव्या कानाकडे गेला. कारखान्याचा भोंगा गेटवरच्या त्यांच्या खोलीच्या डोक्यावरच होता आणि त्यानं डावा कान केव्हाच नेला होता. हे फक्त घरच्यांना माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं, न सांगता भागलं असतं. तात्यांनी फेटा सावरला आणि उठले.

"डावा कान गेलाय, मॅडम. ही जागा माझी न्हाय." मग त्या तरुण पोरीकडे वळून म्हणाले, "पोरी, नियमानं उठवलंस की मी उठतो. कापडं बघून उठवू नगंस."

ती ओशाळली. "सॉरी, अंकल," म्हणाली, आणि स्वतः त्यांची पिशवी उचलून त्यांना मागं धोंडाबाईशेजारी बसवून गेली.

इतका वेळ मुकी असलेली धोंडाबाई तेव्हा बोलली. "आन तुमी वो? गेटावर तुमी काय बघत हुता? जीपवाला एकदाच आडवला. चपला फाटलेल्या माणसाला रोज आडवत हुता."

ती तात्यांच्या उजव्या बाजूला बसली होती. तरीही त्या वेळी आपल्याला काही ऐकू आलं नाही, असं तात्या आजही सांगतात.

बेंगळुरात वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी जावयाला आपणहून विचारलं, "हितं कानाचा डाक्टर कुठं हाय?" स्वरूपा बघतच राहिली. सात वर्षं ती मागं लागली होती आणि "एक कान पुरतोय" या उत्तरापलीकडं गाडी गेली नव्हती. आठवड्यात कानात यंत्र बसलं.

शेळगावला परतल्यावर शेजारच्या प्रयागबाईनं विचारलं, "कसं काय, येतंय का ऐकू आता?"

"येतंय की," धोंडाबाई आवाज उतरवून म्हणाली. "आधी बरं हुतं बाई. डाव्या अंगाला उभी ऱ्हाऊन मनातलं सगळं बोलून मोकळी व्हायची. आता गिळावं लागतंय."

"काय गिळतीस गं?" ओसरीवरून तात्यांचा आवाज आला.