शस्त्रपूजेचं इंग्रजी

खंडेनवमीला आम्ही इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा करतो. हत्यारं म्हणजे पाने, ग्राइंडर, ड्रिल मशीन. त्या दिवशी आमचा अमेरिकन क्लायंट इन्स्पेक्शनला आला होता. साठीचा, मोठा लाघवी माणूस. हे काय चाललंय म्हणून त्याने विचारलं आणि मी घाईत शब्दाला शब्द ठेवून सांगून मोकळी झाले, "वेपन वर्शिप."

झालं! गडी असा खुलला की विचारू नका. "म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच की!" त्याने फोन काढून टेक्ससमधल्या बहिणीच्या घरातल्या बंदुका दाखवल्या. एक तर पलंगाशेजारच्या खणातच होती. माझी मुलगी जानेवारीत त्या बहिणीच्याच गावात कॉलेजला जाणार होती आणि राहणार होती याच बहिणीकडे.

"खणाला कुलूप?" मी विचारलं.

"कुलपातली बंदूक चोर आल्यावर काय कामाची? पोलीस पोचायला तिथे पाऊण तास लागतो."

मला ते पटलं नाही, पण कळलं. इथे वीस वर्षांत शेजाऱ्याच्या खणात काय असेल, असा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. ज्या बंदुकीच्या भरवशावर त्याची बहीण निर्धास्त झोपते, तिच्या नुसत्या फोटोने माझी झोप उडणार होती.

"मुलगी तिथे असेपर्यंत बंदुका कुलपात ठेवाल का, असं बहिणीला विचाराल?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "तिच्या घरात तिने काय करावं, हे मी कसं सांगू?"

"मग मुलगी हॉस्टेलला राहील."

प्रसादाचं ताट घेऊन मुलगी शेजारीच उभी होती. त्या घरी घोडे होते, तिचा सगळा जीव तिथे अडकला होता. तिचे डोळे भरून आले. "मम्मा, दॅट्स सो रूड! दे आर बीइंग सो नाइस!"

नाइस होतेच. परक्या मुलीला घर देऊ करणारी माणसं कुठे मिळतात? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी हटले नाही. रुसली तर रुसू दे, वर्षभर रुसू दे.

जाताना तो दारात थांबला. त्याचा चेहरा उतरला होता. "बहिणीने तुमच्या मुलीसाठी खोली रंगवून घेतलीय. तिला काय कारण सांगू? कॉलेजचा नियम आहे म्हणू?"

"खोटं नको," मी म्हणाले. "मुलीची आई भित्री आहे, असं सांगा."