समजा, दिवा नाही

निरोप आला तेव्हा मी नामपूरच्या शाळेत वर्गावर होतो. पोस्टातला माणूस दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, नाशिकना फोन व्हता. तुमना दाजी गयात." मी खडू फळ्याखाली नीट ठेवला, हात झटकले. रडू आलं नाही. आता दिवेलागणीला अक्का एकटी काय करेल, एवढंच मनात आलं...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पाटबंधारे खात्यात कारकून. सत्तरच्या सुमारास त्यांनी गंगापूर रोडला दोन खोल्या बांधल्या, तेव्हा तिकडे वस्ती विरळ होती आणि मागच्या खिडकीतून द्राक्षांचे मांडव दिसायचे. माणूस सरळ, पण वाचनाचं वेड भारी. वाचनालयातून कसली कसली पुस्तकं आणायचे आणि त्यातलं काही डोक्यात शिरलं की ते घरादाराला भोगावं लागायचं. एकदा त्यांच्या डोक्यात स्टोइक शिरले. हे जुन्या काळचे, ग्रीस-रोमकडचे लोक. जे आपल्यापाशी आहे ते नाहीच असं रोज थोडा वेळ समजून बघावं, म्हणजे ते असल्याची किंमत कळते आणि मन कृतज्ञ होतं, अशी त्यांची शिकवण. दाजींनी ती थेट अक्काच्या तिन्हीसांजेत आणून बसवली.

अक्का देवापुढे निरांजन लावायची, बाहेरच्या खोलीत बल्ब लागायचा, की दाजी उठून बटण दाबायचे आणि तो घालवायचे. अंधारात त्यांचा आवाज यायचा, "समजा, दिवा नाही." मग पुन्हा बटण, लख्ख उजेड, आणि दाजी म्हणायचे, "आहे." ते इतक्या समाधानाने, की वाटावं वीज आत्ताच नाशकात आली. मग नळाचं पाणी, मग डोळे, मग हातपाय. मी सुट्टीत गेलो की चेष्टेने म्हणायचो, दाजी, समजा मेहुणा नाही. ते म्हणायचे, मग तर फारच कृतज्ञ राहू. सुमी, त्यांची एकुलती एक मुलगी, खिदळत सुटायची. अक्का मात्र हसत नसे. लावलेला दिवा ऐन दिवेलागणीला घालवायचा आणि वर नाही-नाही म्हणत बसायचं, हे तिला सोसत नव्हतं. घराची वास्तू तथास्तु म्हणत असते, आपण बोलू ते खरं होतं, ही आमच्या आईची समजूत तिच्यात पुरती मुरलेली. तिने एकच अट घातली होती. वस्तूंचं काय म्हणायचं ते म्हणा, माणसाचं नाव काढायचं नाही.

ती अट दाजींनी एकदाच मोडली. सुमीला सांधेतापाने फार छळलं होतं. अंथरुणातून उठून ती पहिल्यांदा शाळेत जाऊन आली, त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. दाजींच्या पोटात आनंद मावत नव्हता. दिवा गेला आणि आवाज आला, "समजा, सुमी नाही." अंधारातून सुमीच म्हणाली, "आहे की मी." उजेड झाला तेव्हा दाजींचे डोळे भरले होते आणि अक्का उठून स्वयंपाकघरात गेली होती.

त्या तापाने पोरीच्या हृदयाची झडप खाल्ली होती, ते नंतर कळलं. आधी जिना चढताना धाप लागायची, मग बसल्या जागी. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर ती गेली. झडप तापातच बिघडली होती, हे डॉक्टरांनी अक्काला समजावून सांगितलं होतं आणि ते तिला कळतही होतं. तरी दिवसकार्य उरकून मंडळी पांगल्यावर ती दाजींसमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही म्हणालात," ती म्हणाली, "आणि वास्तूने ऐकलं." दुसऱ्या दिवशी अक्काने बटण चालू केलं आणि ते कुणाला बंद करता येऊ नये म्हणून त्यावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी ताणून लावली. तेव्हापासून तो बल्ब दिवसाढवळ्याही जळत राहिला. उडाला की दाजीच मुकाट्याने नवा आणून लावायचे.

मला दोघांचाही राग यायचा. दाजींचा जास्त, कारण त्यांनी ते सोडलं नाही. दिवेलागणीला त्या बल्बखाली डोळे मिटून बसायचे. तोंडाने अक्षर नाही. पण अक्काला कळायचं, आणि मग ती आत भांडी आपटायला लागायची, त्यांच्या मनातलंसुद्धा वास्तूच्या कानी पडू नये म्हणून. अजून कशाला करता हे, असं मी एकदा चिडूनच विचारलं. ते म्हणाले, "ही भांडी आपटते ना, ती नाही असं समजतो. मग तो आवाज बरा वाटतो." मला गलबलून आलं. पटलं मात्र नाही, अजूनही पटत नाही. पोर गमावलेल्या माणसाने कशाकशाबद्दल कृतज्ञ राहायचं?

शेवटचे भेटलो तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. आवाज फार खोल गेला होता. म्हणाले, हल्ली मी स्वतःच नाही असं समजून बघतो. सगळं जागच्या जागी दिसतं. खिडकी, फडताळ, तुझी अक्का... "फक्त ती चिकटपट्टी कोण काढेल, ते दिसत नाही."

परवा अक्काकडे गेलो. त्यांना जाऊन महिना होत आला. तिने निरांजन लावलं, बाहेर आली आणि बटणापाशी जाऊन नखाने ती पट्टी खरवडू लागली. इतक्या वर्षांची ती, भिंतीचा पोपडा घेऊनच निघाली. अक्काने दिवा घालवला आणि दाजींच्या जागेवर येऊन बसली. त्यांच्यासारखंच ती काहीतरी नाही म्हणणार, असं मला वाटलं.

"समजा, हे आहेत," अक्का म्हणाली. आणि मग, "समजा, सुमी आहे."

आत एकही भांडं वाजलं नाही. अक्का अंधारात कान देऊन बसली होती. मी बटणाकडे हात नेला, तर तिने तो धरून ठेवला. म्हणाली, "थांब. वास्तूला ऐकू जाऊ दे."